सही अण्णांचीच

मे 2021 चा शेवटचा आठवडा. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मी अठरा पानांचा फॉर्म वाचत होते. पाचव्या पानावर वाक्य आलं, ‘आपण कोणत्या गटात जाल हे नाणे उडवल्याप्रमाणे ठरेल’, आणि मी पायरीवर बसलेच. माझ्या वडिलांच्या जिवाचा छापा-काटा करणार?

अण्णा तेव्हा 66 वर्षांचे. कोविडचा नववा दिवस. नाकात हाय फ्लोच्या नळ्या, मिनिटाला 50 लिटर, त्यात 60 टक्के ऑक्सिजन. एवढं देऊनही मनगटाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब 78. त्याला 0.6 ने भागायचं, म्हणजे 130. हा भागाकार मी त्या दिवसांत शंभर वेळा केला असेल. तो 300 च्या खाली गेला की फुफ्फुसं अडचणीत, आणि 100 च्या खाली म्हणजे अगदी गंभीर. महिनाभर आधी, 21 एप्रिलला, आमच्याच शहरात टाकीतून ऑक्सिजन गळून एका हॉस्पिटलमधले निदान 22 रुग्ण दगावले होते. त्यामुळे त्या नळीचा आवाज जरासा बदलला तरी पोटात गोळा यायचा.

फॉर्म होता नव्या औषधाच्या चाचणीचा. औषध शिरेतून न देता वाफेसारखं थेट फुफ्फुसात सोडायचं. चाचणीचं काम बघणाऱ्या समन्वयक ताईंनी मला जिन्यातच बसून समजावलं. थेंब मोठा असला तर घशातच अडकतो, फारच बारीक असला तर उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. साधारण एक ते पाच मायक्रॉनचा थेंबच खाली वायुकोशांपर्यंत पोचतो. म्हणून साधा नेब्युलायझर नाही, तर बारीक भोकांची थरथरणारी जाळी असलेलं यंत्र हाय फ्लोच्या नळीतच जोडतात. अर्ध्या रुग्णांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. बाकी उपचार, म्हणजे स्टेरॉइड, रक्त पातळ करायची इंजेक्शनं, पालथं झोपवणं, दोन्ही गटांना सारखेच.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मामा होते.

सप्टेंबर 2020 मध्ये मामा आयसीयूत होते तेव्हा आम्ही प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, जिवाचं रान केलं होतं. शालिमार, द्वारका, गंगापूर रोड, रात्री एक वाजता ॲक्टिव्हावर, पायांमध्ये थर्माकोलचा डबा. दोन पिशव्या मिळाल्या. पाचव्या दिवशी मामा गेले. पुढे वाचनात आलं की आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशातल्या 39 हॉस्पिटलांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली होती. एका गटाला प्लाझ्मा, दुसऱ्याला नाही. आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्हीत फरक पडला नव्हता. 17 मे 2021 ला प्लाझ्मा सरकारी उपचारपद्धतीतून काढलाच. मला दोष कुणाला द्यायचा नाही. पण त्या दोन रात्री आयसीयूच्या काचेशी उभं राहून मामांना निदान हात तरी दाखवता आला असता. मी रस्त्यावर होते.

आणि अण्णांना रोज मिळणारं सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे ते स्टेरॉइड? तेही अशाच छापा-काट्यातून आलेलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, आणि जून 2020 मध्ये कळलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत या स्वस्त औषधाने सुमारे एक तृतीयांश मृत्यू कमी होतात. जिन्यातल्या त्या पायरीवर हे जुळलं आणि राग ओसरला. भीती मात्र तशीच होती.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, “तुम्हाला वाटतं का हे औषध लागू पडेल?” ते म्हणाले, “ठामपणे माहीत असतं तर अर्ध्या लोकांना पाणी देणं पाप झालं असतं. माहीत नाही, म्हणूनच चाचणी.” त्या दिवसांत इतक्या लोकांनी मला इतक्या गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या, की ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसावर विश्वास बसला.

सही मीच करायची असं मी धरून चालले होते. ताई म्हणाल्या, “ते पूर्ण शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच.” मला पीपीई किट घालून आत नेलं. कॅमेरा लावला, आणि मी अण्णांना मुद्दे वाचून दाखवले. कधीही बाहेर पडता येईल, त्याने उपचारात फरक पडणार नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, भरपाईचा नियमही आहे. अण्णांनी आयुष्यभर प्रेसमध्ये नोटांचे कागद तपासले. फॉर्म हातात आल्याबरोबर त्यांनी सवयीने पानाचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. मग दम घेत घेत विचारलं, “मला पाणीच आलं तर?”

“येऊ शकतं,” मी म्हटलं.

बराच वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. मग म्हणाले, “तपासल्याशिवाय माल बाहेर सोडत नाहीत.” आणि सही केली. सही वाकडी आली म्हणून पुन्हा करू का, असंही विचारलं.

पुढचे दिवस वाफेचे. दिवसातून तीनदा नळीत धुकं दिसायचं. नर्स व्हिडिओ कॉलवर दाखवायची आणि मी त्या धुक्याकडे बघून औषध की पाणी ओळखायला बघायची. चौथ्या दिवशी पहाटे बीपी घसरलं. मुख्य डॉक्टरांनी डोस थांबवला, नियमाप्रमाणे 24 तासांच्या आत वर कळवलं, आणि रुग्णांच्या हितासाठी चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीलाही कळवल्याचं मला फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायचं का, हे परत अण्णांनाच विचारलं. ते हो म्हणाले. अकराव्या दिवशी हाय फ्लो निघाला, साधा मास्क आला.

बिलाच्या वेळी मात्र भांडावं लागलं. चाचणीच्या नळ्या आणि फिल्टर आमच्या बिलात लावले होते. फॉर्मच्या बाराव्या पानावर ते मोफत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं, पण आमची प्रत आम्हाला कोणी दिलीच नव्हती. ती मागून घेतली, पान दाखवलं, रक्कम वजा झाली. कोणाच्या घरी ही वेळ आली तर सही झाल्याक्षणी आपली प्रत मागून घ्या. एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्यातच असतो. त्या कमिटीत किमान सात जण असावे लागतात, त्यांत एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही असतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर आहे ना, तेही बघा. 2009 पासून ती सक्तीची आहे, आणि बघायला पाच मिनिटं लागतात.

नव्वदाव्या दिवशी शेवटची तपासणी होती. सहा मिनिटं चालण्याची. कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना खुणा, अण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर, ताई घड्याळ घेऊन. मधे एकदा भिंतीला हात लावून थांबले, मग निघाले. 340 मीटर. औषध होतं की पाणी, हे ताईंनाही तोपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि अण्णांनी विचारलंही नाही. ताईंनी आकडा लिहिला तेव्हा ते चष्मा सावरत कागदावर वाकले आणि तीन, चार, शून्य नीट उमटलेत ना, ते बघून घेतलं.