पाइप बँडची पहिली चार सेकंदं

29 जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट बघताना सगळ्यांची नजर बँडच्या पुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या हातातल्या काठीवर असते. बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडची खरी परीक्षा मात्र पहिल्या आठ ठोक्यांत होते. मिनिटाला 120 पावलं धरली तर ही फक्त चार सेकंदं.

या आठ ठोक्यांत साइड ड्रमचे दोन रोल, म्हणजे सलग थरथरत्या ठोक्यांचे नाद, वाजतात. पहिल्यात पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, गप्प असतात, वाद्याची पिशवी आधीच फुंकून भरलेली. दुसऱ्या रोलबरोबर डाव्या काखेतल्या पिशवीवर उजव्या हाताची थाप बसते आणि तिन्ही ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून राहणाऱ्या नळ्या, बोलू लागतात: दोन टेनर, एक खालच्या सुराचा बेस. रोल संपता संपता चँटरचा, म्हणजे धून वाजवायच्या भोकांच्या नळीचा, एक सूर आणि लगेच धून. पिशवीत हवा कमी असेल तर ड्रोन कण्हतात. थाप जोरात बसली तर चँटर वेळेआधीच किंचाळतो. वीस पाइपरांत एकाचं जरी चुकलं तरी ते लपत नाही. थांबतानाही तसंच. शेवटच्या ठोक्याला काखेचा दाब एकदम सोडावा लागतो, नाहीतर धुनीमागे रेंगाळणारा हुंकार उरतो.

सुरात लावायचं काम त्याआधीचं. दहा-पंधरा मिनिटं वाजवून चँटरची रीड (आवाज काढणारी पात) उबदार झाली की मगच ड्रोन जुळवायचे. ड्रोनचा वरचा सांधा बाहेर ओढला की सूर उतरतो, आत ढकलला की चढतो. दोन सुरांमधली थरथर मंदावत पूर्ण थांबली, की जमलं. सांध्यावरचा दोरा सैल असेल तर चालताना ड्रोन आपोआप सरकतो, म्हणून दोरा आधी तपासावा. दिल्लीच्या थंडीत मैदानाबाहेर ताटकळत उभं राहिलं की लावलेला सूरही उतरतो. हे अनेक नवे पाइपर विसरतात.

पावलाची गोष्ट तर निव्वळ गणिताची. बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एका पावलाच्या अर्ध्या सेकंदात 170 मीटर. तेवढ्या अंतरावर निव्वळ कानावर विसंबून चालणाऱ्या जवानाचा डावा पाय नेमका बँडच्या उजव्या पायाशी जुळतो! म्हणून लांब संचलनात एकाच बँडवर भागत नाही.

हे वाद्य स्कॉटिश पलटणींबरोबर आलं खरं, पण गढवाल-कुमाऊंच्या जवानांनी ते गावी नेलं आणि तिथल्या लग्नांत ते मशकबीन म्हणून घरचं झालं. फौजी संगीताचं शिक्षण मिळतं पचमढीला, सैन्याच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये.