मे महिन्यात अलास्काला: छत्री नेऊ की माकडटोपी?

आम्ही चिपळूणची माणसं. मे महिना म्हणजे घामाच्या धारा, फणसाचे गरे आणि ढगांची वाट बघणं. त्या महिन्यात कोणी 'स्वेटर काढून ठेव' म्हणालं तर आमच्याकडे त्याच्या कपाळाला हात लावून बघतील. सिअ‍ॅटलच्या लेकीने फोनवर नेमकं तेच सांगितलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हा चौघांची अलास्काची क्रूझ ठरली होती. सात रात्री, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत.

आमच्या ह्यांचा प्रश्न एकच होता, "डिग्री किती?" त्यांनी इंटरनेटवरून आकडे उतरवून घेतले. मेअखेरीस दिवसा दहा ते पंधरा, रात्री चार-पाच. "म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली पहाट," असा निकाल देऊन त्यांनी वही मिटली. तो आकडा बरोबर होता, पण कपडे काय घ्यायचे हे काही त्यातून कळलं नाही.

हवेच्या आधी कागदांचं एक सांगते, कारण त्यात आमचा दीड महिना गेला. ही बोट परतीच्या वाटेवर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला एक संध्याकाळ थांबते. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, असा तिथला १८८६ सालचा कायदा आहे. त्या चार-पाच तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा आत येऊ देणारा असावा लागतो. आम्ही दोन्ही निघण्याआधीच बघून घेतलं होतं.

निघायच्या आठवडाभर आधी जावयांनी फोनवर हवामान उघडलं. आठही दिवसांवर काळा ढग आणि त्याखाली थेंब. माझा चेहरा पडला. ते म्हणाले, "आई, तिकडे हे चित्र वर्षभर असंच असतं. त्याकडे बघायचंच नाही. आदल्या दिवशीचा अंदाज बघायचा, आणि त्यातही आधी वारा." हा सल्ला मला पुढे रोज उपयोगी पडला.

सिअ‍ॅटलहून निघताना लख्ख ऊन होतं. लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात डेकवर उभे. माझी समजूत अशी, की बोट बेटांच्या आडोशाने, खाडीतून गेल्यासारखी संथ जाणार. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या बोटी बहुतेक तशा जातात. सिअ‍ॅटलच्या बोटी मात्र बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर चढतात. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टजवळ कळलं. तिथे कठड्याला कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या होत्या. एसटीच्या घाटातल्या प्रवासाचा अनुभव असलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

गंमत म्हणजे वारा फारसा नव्हता. लांब कुठेतरी होऊन गेलेल्या वादळाच्या फुगीर लाटा आडव्या येत होत्या आणि एवढं मोठं जहाज सुपात पाखडल्यासारखं हलत होतं. आमच्याकडे जून उजाडला की होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय दर्यात घालत नाहीत. उत्तर पॅसिफिकचं उलट आहे. तिथली मोठी वादळं हिवाळ्यात, आणि मे उजाडेपर्यंत ती बरीच थकलेली असतात. "हे थकलेलं?" असं मी विचारलं तेव्हा जावई हसले. गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. ह्यांनी "बघू, लागली तर घेऊ" म्हटलं आणि दुपारपर्यंत खोलीत आडवे झाले. मी सकाळीच अ‍ॅव्होमिन घेतली होती, त्यामुळे जेवणाला डायनिंग हॉलमध्ये मी आणि लेक दोघीच. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. खोली निवडताना हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमची खोली उंच आणि पार पुढच्या टोकाला होती.

तिसऱ्या दिवशी अलास्कातलं केचिकन गाव. धक्क्यावरच पाऊस मोजायची एक भली मोठी पाटी उभी आहे. वर्षाचा पाऊस साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे जवळपास आमच्या तोडीचा. गावकरी त्याला कौतुकाने 'लिक्विड सनशाइन' म्हणतात. मी मनात म्हटलं, पाऊस आम्हाला शिकवू नका, आणि ठेवणीतली लांब दांड्याची छत्री उघडून ऐटीत उतरले.

पाऊस तसा ओळखीचाच निघाला, पण वागणूक वेगळी. आमचा पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो. धो धो कोसळतो, मग उघडीप देतो. केचिकनचा पाऊस वर्षभर हप्त्या-हप्त्याने फेडतो. त्याला कोसळणं माहीत नाही, नुसती पिरपिर. आणि ती पिरपिर वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवी येते. दहा मिनिटांत छत्री उलटी झाली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली आणि सुती असल्यामुळे संध्याकाळपर्यंत वाळली नाही. ह्यांची जीन्स दुसऱ्या दिवशीही ओलसर होती. धक्क्यासमोरच्या दुकानात टोपीवाली रेनकोटं लटकत होती, तीच घेतली. वर पाणी न झिरपणारं जाकीट, आत लोकरीचं काहीतरी, त्याच्या आत अंगाला चिकटणारं थर्मल. सुती कपडा कुठेच नाही. हे तीन थर जमले आणि माझी हवेची काळजी मिटली. गरम झालं की एक काढायचा, गारठलं की चढवायचा.

चौथ्या दिवशी जुनोला मात्र सतरा डिग्री आणि निळंभोर आकाश. एप्रिल ते जून हा त्या भागातला त्यातल्या त्यात कोरडा काळ, खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यामुळे मेमध्ये जाणाऱ्याला थंडी जास्त सोसावी लागते, पण ओलं होण्याची पाळी कमी येते. डोंगरांवर अजून बर्फ असतो, त्यामुळे फोटोही देखणे येतात. राज्याची राजधानी असून या गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. यायचं ते बोटीने किंवा विमानाने. मेंडेनहॉल हिमनदीसमोर मी जाकीट काढून कमरेला बांधलं होतं. केचिकनची ओली सलवार आणि हे ऊन, मध्ये फक्त एक रात्र.

रात्र म्हणायचं तरी कशाला? सूर्य मावळतो साडेनवाच्या सुमारास आणि चारनंतर लगेच हजर. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायची माझी सवय. पहिल्या दिवशी वाट बघत बसले, दुसऱ्या दिवशी घड्याळाने सात वाजता उरकलं. खोलीला खिडकी असेल तर पडदे ओढून, त्यांच्या कडा चिमट्यांनी एकत्र करून झोपायचं. कपडे वाळत घालायचे चिमटे मी नेहमी बरोबर ठेवते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशीच्या स्कॅग्वेने हे चकितच झाले. केचिकनच्या मानाने इथे पाऊस अगदीच थोडा. "अरे, हे तर महाबळेश्वर आणि वाई!" असं ते ओरडले आणि त्यांनी सगळ्यांना उभं करून भूगोल समजावला. समुद्राकडून आलेले ढग आधीचे डोंगर पिळून घेतात, पलीकडच्या गावाला उरलंसुरलं. पाऊस नसला तरी वारा आहे. लिन कॅनॉल नावाच्या लांबलचक, दोन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या चिंचोळ्या समुद्रपट्टीच्या टोकाला हे गाव आहे, त्यामुळे नळीतून फुंकल्यासारखा वारा येतो. इथे ह्यांची माकडटोपी पहिल्यांदा बाहेर आली. लेकीने तोंड फिरवलं. तासाभराने तिने स्वतः कानावर स्कार्फ बांधला होता.

तिथून व्हाइट पासची छोटी गाडी वर जाते. १८९८ साली, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली होती तेव्हा, तिचं काम सुरू झालं. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा रूळ फूटभर रुंद, म्हणजे तीन फूट. खाली गावात लोक आइस्क्रीम खात होते. तास-सव्वा तासात जवळजवळ २,९०० फूट चढल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फ, आणि वरचं तळं अजून गोठलेलं. डब्यात हीटर असतो, पण फोटोसाठी बाहेरच्या फळीवर उभं राहिलात तर हातमोजे हवेत. मी नेले नव्हते. ह्यांचे पायमोजे हातात घालून फोटो काढले, ते फोटो मी कोणालाही दाखवलेले नाहीत.

पण खरी थंडी सहाव्या दिवशी, ग्लेशियर बे नावाच्या हिमनद्यांच्या खाडीत. थर्मामीटरवर सात-आठ डिग्री. वहीतल्या आकड्यांपेक्षा फार कमी नाही. तरी दात वाजत होते. एक तर चालत्या बोटीचा स्वतःचा वारा, त्यात बर्फावरून घरंगळत खाली येणारी गार हवा, आणि पायाखालचं समुद्राचं पाणी. मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर थांबली. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच बर्फाची भिंत. मधूनच तोफेसारखा आवाज, मग कडा सुटून पाण्यात. आपण बघत असतो तिथे कडा पडत नाही, म्हणून तासभर हलायची सोय नाही. तिथे मी सगळे थर, शाल आणि शेवटी ह्यांच्याकडून हिसकावून घेतलेली माकडटोपी घालून उभी होते.

आकाश पूर्ण ढगाळ होतं आणि मी हळहळत होते. बोटीवर चढलेल्या, तिथल्या नॅशनल पार्कच्या रेंजरबाई म्हणाल्या, ढग असले की बर्फाची निळाई जास्त खुलते. खरंच, तो निळा रंग कुठल्या पैठणीतही बघितला नाही. त्यांनीच सांगितलं, की १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, बर्फच होता. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्ग-अभ्यासक आला तोवर बर्फ तीस मैलांहून जास्त मागे हटलेला.

परतीला समुद्र शहाण्यासारखा वागला. व्हिक्टोरियाला संध्याकाळी लोक फुलांच्या टोपल्यांखाली कॉफी पीत बसले होते. ज्यासाठी दीड महिना कागद गोळा केले, ते गाव आम्ही तीन तास बघितलं.

सिअ‍ॅटलला उतरलो तेव्हा झिमझिम चालू होती. रस्त्यावर सगळे टोपी ओढून निवांत चाललेले, एकाकडे छत्री नाही. लेकीने सांगितलं, इथली माणसं छत्री वापरतच नाहीत. माझी, एक काडी मोडलेली, तिच्याच गॅरेजमध्ये ठेवून आले.