कादंबरीची नोंद, जूनअखेर: अकरावं प्रकरण आणि विझलेला कंदील

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की एकदा अकरावं प्रकरण पक्कं झालं की पुढे उतारच आहे. तो तोरा बरोबर नऊ दिवस टिकला.

आधी हिशेब देऊन टाकते. पाडव्याचे संकल्प तुम्हाला माहीत आहेतच. दिवाळीपर्यंत ८० हजार शब्दांचा पहिला खर्डा, रोजचे ४०० शब्द, जूनच्या मध्यापर्यंत दिवाळी अंकाला एक कथा, वर्षात २४ पुस्तकं वाचायची आणि खर्डा पुरा होईस्तोवर नवऱ्याला एक ओळही दाखवायची नाही. कथा १२ जूनला गेली, "मिळाली, कळवतो" एवढं उत्तर आलं. पुस्तकं ११ झाली. नवरा अजून अंधारात आहे आणि सुखात आहे. शब्द ४१,३०० होते. 'होते' का, ते आता सांगते.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरची, २००५ च्या महापुरातली. हळदीच्या पेवांचे, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांचे, मालक असलेले दोन भाऊ. प्रकरणांना नावं नाहीत, सांगलीतल्या आयर्विन पुलावरची कृष्णेच्या पाण्याची पातळी हेच नाव. '४० फूट' म्हणजे इशारा, '४५ फूट' म्हणजे धोका, आणि तसं चढत चढत '५३ फूट'. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही, "पुलाला किती?" विचारतात. त्यामुळे ही नावं सुचली तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. अजूनही या एका गोष्टीवर माझा जीव आहे.

अकराव्या प्रकरणात धाकटा भाऊ सदा रात्री एकटाच घरामागचं पेव उघडतो, आत उतरतो, हळदीत पुरून ठेवलेला वडिलांच्या वाटणीच्या कागदाचा डबा काढतो आणि वर येतो. पहाटे पेवात पाणी शिरतं. पुढची सगळी कादंबरी त्या कागदावर उभी. पाऊस, काळोख, हळदीचा वास, सगळं होतं. २,६०० शब्द. मला तर ते प्रकरण इतकं आवडलं होतं की मी ते छापून आणलं.

आमच्या अडतीत एक हमाल मामा येतात. काम सोडून दहा वर्षं झाली, पण चहाला येतातच. हरिपूरचे, उमेदीची वर्षं पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेली. मी तिथं हिशेब लिहिते, पण मी कऱ्हाडची, लग्न होऊन इकडे आले तोवर हळद गोदामात आणि शीतगृहात जायला लागली होती. पेव मी बाहेरूनच पाहिलेलं. तर दुपारी डबा खाऊन झाल्यावर मामांना प्रकरण वाचून दाखवलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. सदा पेवात उतरला तशी त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"येकटाच उतरला?"

"हो."

"कंदील सोडला न्हाई आधी?"

"नाही... रात्र होती ना, कुणाला दिसू नये म्हणून."

"मग ताई, तुमचं पुस्तक तितंच संपलं की ओ. वर कोन येतंय आता?"

आणि खो खो हसले. मग मला शहाणं केलं. पेव म्हणजे वीस-पंचवीस फूट खोल, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. आतून शेणानं सारवलेलं. हळद भरली की तोंड बंद करून वर माती. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि तो जड असल्यामुळे बसून राहतो. म्हणून तर हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा जगतच नाही. जिथं किडा जगत नाही तिथं सदा कसा जगणार? तोंड उघडून काही तास ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर थांबायचं, पुन्हा सोडायचा. तळाला जळत राहिला तरच माणूस उतरणार.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. मामा पुढे म्हणाले, शंभरावर पोत्यांची हळद आत ओतलेली असती, तळातला डबा काढायला चार गडी आणि अख्खा दिवस लागंल. आणि भर पावसात पेव उघडतोय कोण? हवा लागली, ओल लागली की माल गेला. म्हणजे चार पानांत तीन चुका, आणि तिन्ही कणाच मोडणाऱ्या.

पुढचा आठवडा वाईट गेला. पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं, नळाला पाणी यायच्या आत, म्हणजे सहा पंचवीसपर्यंत, काय ते लिहायचं, हा माझा शिरस्ता. त्या आठवड्यात तीन दिवस शून्य शब्द, आणि उरलेल्या दिवसांत लिहिलेलं शून्यापेक्षा वाईट. डबा वरच्याच थरात ठेवून पाहिला. मग तो आधीच कुणालाही सापडला असता. रिकामं, वापरात नसलेलं पेव घेतलं. मामा म्हणाले, बंद पेवाचा भरवसा न्हाई, रिकामं असू दे नाहीतर भरलेलं. गोष्ट २०१९ च्या पुरात न्यावी असंही एका पहाटे वाटलं. तेव्हा पुलाला पाणी ५७ च्याही वर गेलं होतं, म्हणजे प्रकरणांची नावं आणखी झकास. पण तोवर पेवांचा धंदाच बसला होता. २००५ च्या पाण्यानं पेवं बुडाली, माल कुजला. तेव्हा साल हलवता येत नाही.

आमच्या लिहिणाऱ्यांतली आखीव मंडळी, म्हणजे आधी आराखडा करून लिहिणारी, म्हणतील, आधी चौकशी करून मग लिहायचं असतं. मान्य. मी वाहती, गोष्ट नेईल तिकडे लिहीत जाणारी, आणि वाहतीचं असंच होतं.

मग एका रविवारी प्रयोग केला. कंदील विझतो म्हणजे नेमका कसा विझतो, हे मला बघायचं होतं. मामा सांगत होते, "मान टाकतो", पण मला चित्र दिसेना. लेक नववीत आहे, तिनं सुचवलं: खायचा सोडा आणि व्हिनेगर. काचेची उंच बरणी घेतली, तळाला सोडा, त्यावर व्हिनेगर, फसफसून बसेपर्यंत वर ताटली. वाढदिवसाची बारकी मेणबत्ती तारेच्या टोकाला अडकवली, पेटवली आणि हळूहळू आत सोडली.

अर्ध्या बरणीपर्यंत काही नाही. ज्योत सरळ. आणखी बोटभर खाली, आणि ती बारीक झाली, वातीवरून किंचित वर उचलल्यासारखी झाली, आणि गेली. फडफड नाही, काही नाही. कुणी दिव्याचं बटण बंद करावं तशी. आणि त्याहून मोठी मौज पुढे. वातीचा धूर वर आलाच नाही. जिथं ज्योत गेली त्या पातळीवर आडवा पसरला आणि सायीसारखा तरंगत राहिला. बरणीत न दिसणारं पाणी भरलेलं आहे आणि धूर त्याच्यावर साय धरून बसलाय, असं. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बघत बसलो. सात वेळा केलं. आठव्यांदा सासूबाई आल्या. "अगं, लोणच्याची बरणी हाय ती! कैऱ्या चिरून ठेवल्यात मी, आणि तुमी व्हिनेगर काय घालताय?"

बरणी तीन पाण्यांनी धुऊन उन्हात ठेवली. ऊन कसलं, जूनचं ढगाळ. लोणचं दोन दिवस लांबलं. पण तो धुराचा थर मला मिळाला. कंदिलाची काच काजळते, ज्योत जाते, आणि दोरी वर ओढली तरी धूर तिथंच, खाली, आडवा. अशी एक ओळ या वर्षात मिळाली तरी मी पाडव्याचे बाकीचे संकल्प माफ करेन.

आणि बरणी पुसता पुसताच गाठ सुटली. काही तास थांबावं लागतं, ही अडचण समजत होते मी. अहो, तेच तर प्रकरण! पाणी चढतंय, पेवाचं तोंड उघडं आहे, आणि आत जाता येत नाही. सदा एका बाजूला, थोरला दुसऱ्या बाजूला. सहा वर्षं बोलचाल नाही. मधे दीड हाताचं काळं भोक. तासाभरानं कंदील सोडायचा, विझला की पुन्हा बसायचं. कंदील एकच, काडेपेटी थोरल्याच्या खिशात. म्हणजे सदाला ती मागावीच लागणार.

भर पावसात पेव कोण उघडतंय, या प्रश्नाचं उत्तरही मामांच्याच बोलण्यात होतं. नदी दारात आल्याशिवाय कुणी उघडत नाही. म्हणजे सदाला चोरून काही करायचं कारणच नाही. तो म्हणतो, उघडू, निघेल तेवढी हळद काढू. थोरला म्हणतो, इथवर पाणी येत नाही, उघडलंस तर मी म्हणेन तूच नासवलीस. भांडण समोर आलं, अंधारातून उजेडात. प्रकरण आता ४,१०० शब्दांचं झालंय आणि सदा अजून उतरलेला नाही.

जाता जाता एक कबुली. याच प्रकरणात सांगलीच्या हळदीच्या भौगोलिक मानांकनाचा एक सुंदर परिच्छेद होता, सदाच्या विचारात घातलेला. मानांकन मिळालं २०१८ मध्ये, सदा बसलाय २००५ मध्ये. लेकीनं पकडलं. उडवला.

अवजारांबद्दल कुणीतरी विचारलं होतं. मी अजूनही पहिला हात हिशेबाच्या लांब वहीतच लिहिते. डायऱ्या सुंदर असतात, म्हणूनच त्यांत वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही. लांब वहीत निम्मं पान 'नावे', निम्मं 'जमा', डावीकडे मजकूर, उजवीकडे शंका. यंदा एका दुकानदारानं त्याच भावात हलका कागद दिला, शाई मागं उमटते, उजवी बाजू वाया. दुकान बदललं. फोनवर बोलून टाइप करायचा नाद मात्र सोडा असं सांगेन, निदान हळदीच्या कादंबरीला. "सदा पेवात उतरला" बोलले तर "सदा पेयात उतरला" आलं. एकदा नव्हे, प्रकरणभर. लेक आता मला 'पेयकार' म्हणते. वह्यांचे फोटो रोज रात्री क्लाउडवर चढवते. २०१९ ला पाण्यात गेलेल्या माझ्या वह्यांचं रडगाणं तुम्ही ऐकलेलंच आहे, पुन्हा लावत नाही.

आता योजना. मी इथं असं लिहिणार होते, की जुलैत वाटणीच्या कागदाला नवी जागा शोधायची: देवघर, माळा, थोरल्याच्या बायकोची ट्रंक. पण वरचं सगळं लिहिताना एक गोष्ट टोचायला लागली आहे. दोघं भाऊ पेवाच्या काठावर बसलेत, भांडण हळदीवरून चाललंय, आणि ते पुरेसं आहे. मग कागद कशाला? तो आता नुसतं ओझं होऊन फिरतोय. कागद काढला तर तिसरं प्रकरण जातं (वकिलाकडची फेरी, जिच्यावर मी मेमधला अख्खा पंधरवडा घातला), नववं जातं, आणि सातव्यातली तीन पानं. आत्ता मोजलं: ८,७०० शब्द.

हे लिहून चहा करून आले, आणि परत येऊनही तेच वाटतंय. तर काढला. ४१,३०० चे ३२,६०० झाले, त्यात अकराव्यातले वाढलेले १,५०० धरून ३४,१००. दिवाळीला साधारण १३० दिवस आहेत, म्हणजे रोज ३५३. चारशेच्या आतच आलं की! मी उगाच घाबरले होते. अर्थात यात आजारपण, पाहुणे, आणि नदी धरलेली नाही. कालपासून पावसानं जोर धरलाय. सासूबाईंनी कॅलेंडरच्या चौकटीत पुलाची पातळी लिहायला सुरुवात केली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी. दर वर्षी पहिला आकडा लिहिताना माझ्याकडे बघून म्हणतात, "आलं बघ तुझ्या माहेरचं पाणी." कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, त्याला मी काय करू?

हे वाक्य थोरल्याच्या बायकोला द्यायचं का? तीसुद्धा कऱ्हाडची होऊ शकते. बाराव्या प्रकरणात ती काठावर भाकरी घेऊन येते तेव्हा तिच्या तोंडी काहीच नव्हतं. बघते.

कापलेलं तिसरं प्रकरण कुणाला वाचायचं असेल तर सांगा. वकिलाची ती पायरी आणि पायरीवरचं मांजर मला अजून सोडवत नाही. शनिवारी मामांना नवं अकरावं वाचून दाखवायचं आहे. त्याआधी एक विचारायचं राहिलंय: कंदिलाची दोरी सुती असायची की काथ्याची?