सुंबातल्या दोन हेक्टरांची चतुःसीमा

टेप मी बॅगेतून नुसती बाहेर काढली होती, उघडलीही नव्हती. समोर बांबूच्या ओट्यावर बसलेल्या सात-आठ जणांचं बोलणं एकदम थांबलं. एक बाई उठली आणि दोन्ही पोरांना घेऊन आत गेली. आमचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "इबू (म्हणजे बाई), ती आत ठेवा. आज मोजणी नको."

ठेवली. पण ती टेप सोबत नेली याचं मला अजून वाईट वाटतं, कारण लोक का बिचकतील हे मला ठाऊक होतं. 2018च्या एप्रिलमध्ये याच लांबोया भागात, मारोसीच्या किनाऱ्यावर, एका हॉटेल प्रकल्पाच्या जमिनीची पोलीस बंदोबस्तात मोजणी चालू असताना संघर्ष झाला आणि गोळी लागून एक शेतकरी गेला. बातमी मी तेव्हाच वाचली होती. बाहेरून आलेली गाडी, हातात फाईल आणि टेप, हे त्या ओट्यावरून कसं दिसेल, एवढं मात्र मनात आलं नाही.

सुंबा हे इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातलं बेट. बालीहून छोट्या विमानाने ताम्बोलाका, तिथून डोंगरातल्या रस्त्याने वाईकाबुबाक, मग खाली दक्षिण किनाऱ्याकडे. ऑगस्टात गेलं की सगळे डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे असतात आणि वाटेवर प्लास्टिकचे पिवळे कॅन डोक्यावर घेतलेल्या बायका दिसतात. पाणी हा इथला पहिला प्रश्न. दुसरा मलेरिया. पोरं शाळा संपली की बालीला बांधकामावर नाहीतर हॉटेलात कामाला जातात. मका, कसावा, डुकरं, म्हशी आणि घोडे यांवर घर चालतं.

माझं काम बालीतल्या देनपसार शहरात. भारतातले आणि सिंगापूरचे लोक इथे जागा घ्यायला येतात, त्यांची कागदपत्रं मी आधी तपासून देते. दस्त तिथले नोटरी करतात. कामाला सुरुवात रत्नागिरीला एका वकिलांकडे झाली होती, जमिनींच्या तीस-तीस वर्षांच्या नोंदींचे सर्च घेत. एका सातबाऱ्यावर साठ नावं, त्यातली वीस मुंबईला, दहा मयत आणि वारसनोंद कुणाचीच नाही, असल्या जमिनी बघून डोळा तयार झाला. तो इथे रोज कामाला येतो. शब्दसुद्धा ओळखीचे. वारसाला इथे 'वारिस' म्हणतात, साक्षीदाराला 'साक्सी', आणि पूर्ण मालकीला 'हाक मिलिक', त्यातला 'हाक' म्हणजे आपला हक्कच. दरही 'आर'वर सांगतात. सातबाऱ्यावर हेक्टरच्या पुढे आर लिहितो तोच हा, जवळजवळ एक गुंठा.

गिऱ्हाईक होतं मूळचं पुण्याचं, सिंगापूरला स्थायिक झालेलं दांपत्य. दोन हेक्टर, समुद्राला लागून, बालीच्या मानाने दर फारच कमी. निवृत्तीनंतर वर्षातून थोडे दिवस येऊन राहायचं, बाकीचे दिवस व्हिला भाड्याने द्यायचा. दलालाने पाठवलेल्या फाईलमध्ये गावप्रमुखाच्या सहीशिक्क्याचा दाखला, चार साक्षीदारांचे अंगठे, जमीनकराच्या पावत्या आणि एक रंगीत नकाशा होता. भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र मात्र नव्हतं. करपावती म्हणजे मालकी नव्हे, आपल्याकडे घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही तसंच. आणि सोबत सल्ला होता की जागा एका स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, त्याच्याकडून कर्जरोखा आणि कुलमुखत्यारपत्र लिहून घ्या, म्हणजे झालं.

याला आपण सरळ बेनामी म्हणतो. इंडोनेशियाचा मूळ भूमी कायदा 1960चा आहे. त्यात हाक मिलिक फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच. आडवाटेने परदेशी माणसाला तो देण्याचा व्यवहार कलम 26 प्रमाणे रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होते, दिलेले पैसे परत मागायची सोयसुद्धा राहत नाही. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो, 30 वर्षं, मग 20ची वाढ, मग 30चं नूतनीकरण. किंवा परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून बांधकामाचा हक्क घ्यायचा. पण दोन्ही रस्ते सुरू होतात ते स्वच्छ मालकीच्या जमिनीपासून. तीच इथे आहे का, हे बघायला मी गेले होते.

ओट्यावर आधी पानसुपारी झाली. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आपल्यासारखं विड्याचं पान नसतं. त्याच वेलीचं लांबट हिरवं फळ चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात. माझं तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मघाशी आत गेलेल्या बाईने बाहेर येऊन माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यानंतर माणसं बोलायला लागली.

विकणारा पस्तिशीचा, पाच भावांतला तिसरा. तोच मला जमीन दाखवायला घेऊन गेला. मागोमाग ओट्यावरचे बहुतेक सगळे आले, न बोलावता. दाखल्यातली चतुःसीमा मी वाचत होते: दक्षिणेस समुद्र, पश्चिमेस मोठी चिंच, उत्तरेस रस्ता, पूर्वेस अमुक यांची जमीन. चिंच होती. तिच्या अलीकडे, हद्दीच्या आत, दलालाच्या नकाशावर नुसता हिरवा रंग होता तिथे, तीन थडगी होती. चार बुटक्या दगडी पायांवर ठेवलेली एकेक अवजड शिळा. अशा शिळा इथे दोरांनी ओढत आणतात, शंभर-शंभर माणसं लागतात, आणि त्या सगळ्यांना जेवू घालावं लागतं. मधल्या शिळेवर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. कडेला कुणीतरी ठेवलेली सुपारी होती, अजून ओली.

मी विचारलं, "ही कुणाची?"

त्याने खाली बघत उत्तर दिलं, "आमच्या काबिसूची." काबिसू म्हणजे कूळ. 'माझ्या आजोबांची' असं तो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती.

थडग्यांच्या बाजूने एक पाऊलवाट किनाऱ्याला उतरत होती, पायांनी गुळगुळीत झालेली. बरोबरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, पासोलाच्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या घोड्यांवरच्या भालाफेकीच्या सणाच्या, दिवसांत समुद्रातले न्याले किडे बघायला रातो पहाटे याच वाटेने उतरतात. न्याले किती आले, कसे आले, यावरून ते पिकाचं भाकीत करतात. रातो म्हणजे मारापु या इथल्या पूर्वजपूजक धर्माचे पुजारी. पूर्वज इथे देवांइतकेच हजर असतात. वहिवाटीचा याहून चांगला पुरावा मला कुठल्या कोर्टात मिळाला नसता. कुंपण घातलं असतं तर पहिल्याच फेब्रुवारीत भांडण उभं राहिलं असतं.

मग मी अंगठ्यांकडे वळले. चारांतले दोन साक्षीदार तिथेच उभे होते. एक म्हणाला, कागद कराचा आहे असं सांगून अंगठा घेतला. दुसऱ्याने आधी विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपलंही तसंच झालं अशी मान डोलावली. गावप्रमुखाच्या सहीची तारीख होती त्या सुमाराला विकणाऱ्याचे दोन भाऊ बालीत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मला त्या माणसाचा राग आला नाही. वडिलांच्या अंत्यविधीला म्हशी लागल्या, त्या उसन्या आणल्या होत्या, आणि इथे उसनी म्हैस परत करायची म्हणजे तेवढ्याच लांब शिंगांची परत करायची. मुलगी कुपांगला नर्सिंग शिकते, तिची फी थकलेली. त्याने हे सगळं चिंचेखाली उभं राहून सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. खोटा कागद कुणी बनवला हे त्याने सांगितलं नाही, मीही ताणलं नाही.

निघताना ती पाणी देणारी बाई गाडीपाशी आली. तिला सगळे 'मामा' म्हणत होते, इकडे थोरल्या बाईला तसंच म्हणतात. तिने विचारलं, "तुमची माणसं इथे राहतील?"

"वर्षातून दोन-तीन आठवडे."

"आणि बाकीचे आठवडे?"

दुसरी परदेशी माणसं भाड्याने राहतील, असं मी सांगितलं. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "पाणी आमच्याच झऱ्याचं घेतील ना? ऑगस्टात तो आम्हालाच पुरत नाही."

पाण्याचा मुद्दा माझ्या तपासणीच्या यादीत होता, पण शेवटून दुसरा. त्या रात्री वाईकाबुबाकच्या लॉजवर अहवाल लिहिताना मी तो वर घेतला. घेऊ नका असं स्पष्ट लिहिलं: जमीन कुळाची, संमती एकाच भावाची, दोन अंगठे फसवून घेतलेले, आत थडगी आणि वहिवाट, पाण्याची सोय नाही, आणि नावावर घेण्याचा सुचवलेला मार्ग मुळातच बेकायदा.

फोनवर पुण्याचे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गावाकडच्या जमिनीत आजोबांची समाधी आहे. ती कुणी विकली असती तर?" त्यांनी व्यवहार सोडला. दलालाने मला पुन्हा काम दिलं नाही.

पण त्या माणसाची म्हशींची उधारी आणि मुलीची फी माझ्या अहवालाने मिटली नाही, हे मला झोपू देत नव्हतं. तीन आठवड्यांनी त्याचाच व्हॉट्सॲपवर निरोप आला. रस्त्याच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या वाट्याचे पाच आर आहेत, त्यांत थडगं नाही, वाट नाही. ते रीतसर नावावर करून कुणाला दुकानासाठी भाड्याने द्यायचे तर काय लागेल?

मी यादी पाठवली. पहिल्या ओळीत लिहिलं: पाचही भावांच्या सह्या, काबिसूतल्या थोरांसमोर, कागद मोठ्याने वाचून दाखवल्यानंतर. त्याने परत लिहिलं, बालीतले दोघे ख्रिसमसला येतील, तेव्हा करू. आणि विचारलं, मोजणीला तुम्ही याल का, मी आधी सगळ्यांना सांगून ठेवतो.