दम्यात श्वासाचे व्यायाम : माझा अनुभव

घोडबंदर रोडला राहून दमा सांभाळायचा म्हणजे धुळीशी रोजची गाठ. मेट्रोचं काम, डंपर, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी. रोजचा पंप (इनहेलर) नियमित चालू होता, पीक फ्लोचे, म्हणजे मीटरमध्ये जोराने फुंकून मोजतात त्या श्वासाच्या वेगाचे, आकडेही बरे होते. तरी जिना चढला की धाप लागायची, आणि धाप लागली की घाबरून ती आणखी वाढायची. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिने आधी काही शिकवलंच नाही. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवायला लावला आणि म्हणाली, "ताई, नेहमीसारखा श्वास घ्या." वरचा हात वर-खाली होत होता, पोटावरचा जागचा हलत नव्हता. खांदे उचललेले, तोंड उघडं. मग तिने समजावलं, की दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जड जातं. श्वासनळ्या आवळलेल्या, जुनी हवा आतच अडकलेली, आणि आपण घाबरून वरून आणखी ओढत राहतो. तीही तोंडाने, म्हणजे कोरडी आणि न गाळलेली.

व्यायाम साधाच. नाकाने हलका श्वास घ्यायचा, पोट पुढे येऊ द्यायचं, मग ओठ शीळ घालताना करतो तसे करून सावकाश सोडायचा, घेतला त्याच्या साधारण दुप्पट वेळ. जोर लावायचा नाही. सुरुवातीला मला हे जमेना, चक्करल्यासारखं व्हायचं. झोपून करायला लागले तेव्हा पोट हलायला लागलं.

फरक कळला तो ठाणे स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत. कठड्याला टेकले, खांदे सैल सोडले, लांब उच्छ्वास सुरू केला. छातीत सूं सूं नव्हतं; थोड्या वेळात धाप बसली. सूं सूं असतं तर लगेच आराम देणारा पंपच घेतला असता.

सासूबाई म्हणाल्या, "मग आता पंप बंद कर की." नाही. नळ्यांची सूज व्यायामाने उतरत नाही, तिला स्टिरॉइडचा पंपच लागतो. २०१८ साली ब्रिटनमधल्या ६५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: व्यायाम करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलं, फुप्फुसांची क्षमता आणि सूज होती तशीच राहिली. माझाही पीक फ्लो जवळपास तेवढाच आहे. पण जिन्याची भीती गेली, आणि माझ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे.

एका दमात वाक्य पुरं होत नसेल, किंवा मीटर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर व्यायाम करत बसायचं नाही. लगेच आराम देणारा पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, घ्यायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. त्या वेळी मला बोलून सांगता येणार नाही.