सत्तरीचा नकाशा करताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात इको-टुरिझमसाठी कुठल्या जागा योग्य आहेत त्याचा नकाशा. माझं आजोळ वाळपईजवळ, त्यामुळे वाटलं एरिया आपल्या ओळखीचा आहे, जमेल.

सुरुवात सॉफ्टवेअरपासूनच अडली. एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने मोजलेला) ३० मीटरचा उंचीचा डेटा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि उतार काढला तर सगळीकडे ८९ अंश, म्हणजे केरीचं सपाट शेत पण कडा. दोन दिवस शोधलं तेव्हा कळलं की डेटा अक्षांश-रेखांशात होता आणि उंची मीटरमध्ये, म्हणून आडवं अंतर अंशात धरलं जात होतं. यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलल्यावर उतार ठीक आला. कोणी नवीन करत असेल तर सगळे लेयर (नकाशाचे थर) आधी एकाच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आणा, मग पुढचं.

नंतर एएचपी, म्हणजे निकषांची दोन-दोन घेऊन तुलना करून प्रत्येकाचं वजन ठरवायची पद्धत. उतार, झाडोरा, रस्त्यापासून अंतर, धबधब्यापासून अंतर, गावापासून अंतर, देवळं, उंची असे ७ निकष, म्हणजे प्रत्येक जोडीची तुलना धरून २१ तुलना. कन्सिस्टन्सी रेशो (तुलनांमधली विसंगती दाखवणारा आकडा) ०.१ च्या आत यावा लागतो, माझा पहिल्यांदा ०.२३ आला, कारण धबधबा सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा असं मी जवळपास प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं आणि बाकीच्यांचं आपसात जुळत नव्हतं. ते दुरुस्त केलं, वेटेड ओव्हरले केला, म्हणजे वजनांप्रमाणे सगळे लेयर एकत्र मिळवले, आणि नकाशा छान हिरवागार आला. चरावणे, हिवरे, सुर्ल बाजू सगळी 'अति योग्य'.

फील्डवर गेले एप्रिलमध्ये. म्हादई अभयारण्यात (२०८ चौरस किलोमीटर, १९९९ मध्ये जाहीर झालेलं) जायला परवानगी लागते, ती यायला महिना गेला. तिथे बघते तर माझ्या नकाशातल्या एका धबधब्यात नुसते दगड, कोपऱ्यात थोडं साचलेलं पाणी. पावसाळ्यात तो भरून वाहतो पण तेव्हा जाणं धोक्याचं, २०२३ च्या जुलैमध्ये बुडण्याच्या घटनांनंतर वनखात्याने धबधब्यांवर बंदी घातलेली. म्हणजे ज्या निकषाला मी सगळ्यात जास्त वजन दिलं तो उन्हाळ्यात कोरडा आणि पावसात बंद. शिवाय उपग्रह चित्रात जे दाट जंगल दिसत होतं त्यातलं बरंचसं काजूचं निघालं, एनडीव्हीआयला (उपग्रह चित्रावरून हिरवेपणा मोजणारा आकडा) काजू आणि रान दोन्ही हिरवंच. लोक बोंडू (काजूची फळं) गोळा करत होते, तिथे कोणी तंबू ठोकायला आलं तर त्यांच्या हंगामाचं काय, हे माझ्या कुठल्याच लेयरमध्ये नव्हतं.

आणि मग ती राई, म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. माझ्या नकाशात तो सगळ्यात जास्त मार्कांचा तुकडा होता, उतार कमी, व्हाळ (ओढा) जवळ, रस्ता जवळ, झाडी दाट. गावातले एक काका सोबत आले, राईच्या कडेला थांबून त्यांनी चपला काढल्या, मी पण काढल्या. आत भेरली माड, खाली गार माती, आणि एक झर जी एप्रिलमध्ये सुद्धा चालू. मी मोबाईलवर नकाशा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "बाय, हेच पाणी खाली कुळागराला (सुपारीच्या बागेला) जातं. इथे आम्ही चपला घालून येत नाही, आणि तू गाड्या आणायला सांगतेस?" मला उत्तर देता आलं नाही. मी देवराईला 'आकर्षण' म्हणून मार्क दिले होते, खरं तर ती गणितातून आधीच वगळायला हवी होती. कमी वजन दिलं असतं तरी बाकीच्या निकषांनी ती परत वर आली असती. वजन देणं वेगळं आणि बंदी घालणं वेगळं, हे मला पुस्तकात वाचून समजलं नव्हतं.

परत आल्यावर सगळं नवीन केलं. देवराया, झरी आणि त्यांच्याभोवती २०० मीटर आधीच शून्य, अभयारण्याचा आतला भाग शून्य, काजूच्या बागा फील्डवरच्या जीपीएस पॉइंटवरून वेगळ्या काढल्या. नकाशे दोन, पावसाळ्याचा वेगळा, डिसेंबर ते फेब्रुवारीचा वेगळा. रस्त्याचं सरळ रेषेतलं अंतर काढून टाकलं, कारण मध्ये दरी असली तर ८०० मीटर पण तासाभराची चढउतार होते. 'अति योग्य' जागा खूप कमी उरल्या, बहुतेक गावालगत, जिथे लोक घरची एखादी खोली देऊन, जेवण देऊन पाहुणे ठेवू शकतील अशा.

परीक्षकांनी विचारलं, क्षेत्र एवढं कमी का झालं. मी राईचा फोटो दाखवला आणि काकांचं म्हणणं सांगितलं. छापील नकाशात त्या झरीची जागा मी दाखवलेली नाही, काकांनी तसं सांगितलेलं.