ताटं घासायला पाणी नव्हतं, तेव्हापासून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा एकच असतो, विचारणारी माणसं वेगळी. शेजारची नवी सून विचारते, ह्यांचे जुने मित्र विचारतात, परवा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या पोरानंही विचारलं, "काकू, दर रविवारी तुमच्याकडं एवढी माणसं जेवायला! दमत नाही का? अन् वर रेसिपी लिहून देता ते येगळंच."

खरं सांगायचं तर पाहुणे म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. पुरण, कटाची आमटी, दोन भाज्या, कोशिंबीर, भजी, कुरडया, पापड. एवढं झालं नाही तर लोक काय म्हणतील? सकाळी सहाला ओट्याशी उभी राहिले की तीनला बसायची. पाहुणे काय बोलले, कशावर हसले, मला ठाऊकच नसायचं. मला फक्त वाट्या मोजता यायच्या.

मग 2016 चा उन्हाळा आला. आमचं लातूर तेव्हा देशभर गाजलं, ते पाण्याच्या रेल्वेमुळे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. आमच्या घरी दोनशे लिटरचा एक निळा ड्रम होता आणि त्याच्या झाकणावर वीट. वीट कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. पाणी काय उडून जाणार होतं?

नेमकं मे महिन्यात ह्यांचे कॉलेजचे अकरा मित्र जमायचे ठरले होते, आमच्याच घरी. मी कागदावर हिशेब मांडला. अकरा ताटं, बावीस वाट्या, पेले, पातेली, कढई, झारे. घासायला-विसळायला तीन घागरी तरी हव्यात. ह्यांना म्हटलं, फोन करून नाही म्हणा. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येळवसेला रानात कुठं ताटं नेतो गं आपण?"

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे. जेवायला भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे भजी नव्हे. हरभरा, तूर, वाल, वाटाणा असे ओले दाणे, हाताला येईल ते माळवं, चिंच आणि बेसनपीठ यांची दाट भाजी. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावरून येतं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि बोलावलेला आणखी दोघांना घेऊन येतो. किती माणसं येणार हे कुणी विचारत नाही. सगळं मोठ्या पातेल्यात असतं, जागा जमिनीवर.

तर त्या रविवारी रात्री गच्चीवर सतरंज्या टाकल्या. एक पातेलं येसराची (भाजलेले गहू, डाळ, मसाले दळून केलेल्या पिठाची) आमटी, सकाळीच करून ठेवलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबू. पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण. प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, प्यायचं पाणी आपापलं आणा. एकजण वीस लिटरचा जारच खांद्यावर घेऊन जिना चढला आणि त्याचं जे स्वागत झालं ते नवरदेवाचंही होत नाही.

फजिती झालीच. येसराची आमटी पातळ असते, द्रोण गळले. एकाच्या पँटीवर तर्रीचा ओघळ. मग कुणीतरी द्रोणात द्रोण घातला, आधी धपाटा कुस्करला, वरून आमटी घेतली आणि प्रश्न मिटला. आजही मी तसंच सांगते: दोन द्रोण, आधी कुस्करा, मग ओता. त्या रात्री मी पहिल्यांदा पाहुण्यांबरोबर जेवायला बसले. ह्यांना कॉलेजात काय म्हणून चिडवायचे ते मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं. ते इथं लिहिणार नाही.

जाताना दोघांनी आमटी कशी केली ते विचारलं. पुण्यातल्या भाचीलाही तीच हवी होती. मी फोनवर सांगितलं, येसर एक वाटी, पाणी दोन तांबे, मीठ-तिखट आपल्या अंदाजानं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "मावशी, आमटीचं बेसन झालं." (आमच्याकडं पिठल्याला बेसन म्हणतात.) चूक तिची नव्हती. माझी वाटी छोटी, तिची मोठी. माझा तांब्या सासूबाईंच्या माहेरचा, पोटाचा फुगीर, आणि तिच्याकडं तांब्याच नाही, तिनं पाण्याच्या बाटलीनं मोजलं होतं.

त्या दिवशी वही घेतली. नियम एकच ठेवला, सगळं एकाच भांड्यानं मोजायचं. भांडं कुठलंही चालेल, मी चहाचा कप घेतला. येसर एक कप तर पाणी दहा कप. येसर आधी गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. येसरही तसंच: दोन कप गहू, एक कप हरभरा डाळ, अर्धा कप धने, अर्धा कप किसलेलं सुकं खोबरं, मग जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण गहू तांबूस होईपर्यंत खोबरं करपून जातं. सासूबाईंना हे मोजणं म्हणजे पोरखेळ वाटायचा. त्यांचं माप चिपटं-मापट्याचं, आणि त्याखालचं सगळं हाताचं. मग मी एक युक्ती केली. त्या मूठभर काय घेतील ते आधी माझ्या कपात पडू द्यायचं, मग पातेल्यात. त्या चिडायच्या, "काय करूलालीस गं मधीमधी?" पण तीन वेळा मोजलं तर तिन्ही वेळा कप त्याच रेघेपर्यंत भरला. अंदाज अंदाज म्हणतो तो असा असतो.

वीस माणसांचं करताना मात्र माझाच अंदाज चुकला. चौघांचं प्रमाण सरळ पाचपट केलं आणि आमटी पाणीदार झाली. मोठ्या पातेल्यात मानानं पाणी कमी आटतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. आता पाणी आधी थोडं कमी घालते आणि शेजारी आधणाचं पातेलं ठेवते. पाहुणे उशिरा आले तर येसर बसून बसून दाटतं, तेव्हा तेच आधण कामी येतं. आणि पाहुणे उशिराच येतात.

न सांगता कुणी आलं तर सुशीला. मुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, भिजत ठेवले की लगदा. कांदा, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी, वरून डाळव्याचं आणि शेंगदाण्याचं कूट. दहा मिनिटं. सुशीला कोण, असं पुण्या-मुंबईचा पाहुणा हटकून विचारतो आणि आपण काहीतरी नवीन बोललो असं त्याला वाटतं.

नावं ठेवणारेही आहेत. नात्यातल्या एका बाईंनी लग्नात चारचौघींत म्हटलं, "ह्यांच्याकडं पत्रावळीवर जेवू घालतात." खरंच आहे. पुढं नळाला पाणी आलं, आठ-दहा दिवसांनी का होईना, तरी ताटं मी परत काढली नाहीत. पुरणावरणाचा स्वयंपाक सणाला होतो, घरच्यांपुरता. दुसरा आक्षेप असा की कृती वाटल्या तर आपल्या हाताची किंमत काय राहते. ह्याचं मला कोडंच आहे. भाची आता येसरात थोडी बाजरी घालते, मला ते आवडलं, आणि वहीत मी तिच्या नावानं लिहून ठेवलंय. कृती दिली नसती तर मला ही बाजरी कुठून मिळाली असती?

तर दमत नाही का? दमते. पण भाकरीला. धपाटे सकाळी करून ठेवता येतात, ज्वारीची भाकर मात्र तव्यावरून ताटात आली तरच भाकर, आणि ती थापणाऱ्या बाईला कधी पंगतीला बसता येत नाही. म्हणून भाकरी मी करतच नाही. परात, पीठ, आधण आणि तवा मांडून ठेवते, ज्याला गरम भाकर हवी त्यानं बसावं. मागच्या रविवारी बँकेतून निवृत्त झालेले ते जारवाले मित्र बसले. पहिलीच भाकर उलथताना मोडली. ते ओशाळले, पण कुणी काही बोलायच्या आत पलीकडच्यानं तिचे तुकडे द्रोणात कुस्करायला घेतले.